ज्ञानेश्वरीच्या अभ्यासाला ॲपची वर्गणी भरू की ई-पुस्तकं विकत घेऊ?

गुरुवारवाली (नाशिक)

नमस्कार. प्रश्न लांबलचक होणारे, आधीच सांगते.

आमच्या सोसायटीत आम्ही नऊ जणी दर गुरुवारी दुपारी ज्ञानेश्वरी वाचायला बसतो. पारायण नाही हं, ओवी वाचायची, अर्थ बघायचा, जिला जे सुचेल ते बोलायचं आणि मग चहा. दोन वर्षं झाली आणि आत्ता नववा अध्याय चालू आहे, त्यावरून आमचा वेग कळेलच. आधी सासूबाईंचा जुना ग्रंथ मधोमध ठेवून वाचायचो पण तो आता शिवणीतून सुटलाय, पानं हातात येतात, आणि सासूबाईंना हल्ली ती बारीक अक्षरं दिसत नाहीत. म्हणून टॅब घेतला. दोन बोटांनी अक्षर मोठं होतं याचंच त्यांना केवढं कौतुक!

आता अडलंय ते इथे. एक ॲप आहे (नाव लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको), वर्षाला १,४९९ रुपये. त्यात ज्ञानेश्वरीच्या तीन प्रती (म्हणजे वेगवेगळ्या संपादकांचे पाठ), शब्दार्थ, ऐकायला निरूपण, शिवाय एकनाथी भागवत, गाथा, दासबोध सगळं. ओवीवर बोट ठेवलं की अर्थ वर येतो आणि तिथल्या तिथे आपली टीप लिहून ठेवता येते. पंधरा दिवस फुकट वापरलं आणि खरं सांगू, मला चटक लागली. दुसरा मार्ग म्हणजे सुटी ई-पुस्तकं घ्यायची. मला हवी ती चार पुस्तकं मिळून साधारण १,२०० होतात, म्हणजे एका वर्षाच्या वर्गणीपेक्षाही कमी, पण त्यात बोट ठेवून अर्थ वगैरे काही नाही, एका पुस्तकातून उठायचं आणि दुसऱ्यात जाऊन बसायचं. आणि आमच्या वेगाने ग्रंथ संपायला अजून पाच वर्षं तरी धरा (एकट्या अठराव्यात अठराशेच्या वर ओव्या आहेत), म्हणजे वर्गणीचे साडेसात हजार होतात, तेही भाव वाढला नाही तर.

भावाला विचारलं तर म्हणे वेडी आहेस का, सगळं नेटवर फुकट आहे. मिस्टर म्हणतात नऊ जणींत वर्गणी वाटून घ्या आणि एकच लॉगिन वापरा, ते चालतं का तेही सांगा. सासूबाई काहीच म्हणत नाहीत, फक्त ग्रंथाच्या सुट्या पानांना रबरबँड लावून ठेवतात.

कोणी दोन्ही करून बघितलंय का?

पेन्शनर_ठाणे

ताई, मी वर्गणी भरून पस्तावलेला माणूस आहे, त्यामुळे आधी माझं ऐकून घ्या.

रिटायर झाल्यावर मी एका ॲपवर ज्ञानेश्वरी धरली. तुमचं ते नव्हे, दुसरं, आता ते अस्तित्वातच नाही. पहाटे साडेचारला उठायचं, आंघोळ, आणि मग पाच ओव्या. तीन वर्षं न चुकता पैसे भरले. टिपा लिहायची सवय नोकरीतलीच, फायलीच्या कडेला शेरा मारल्याशिवाय आम्हाला वाचल्यासारखं वाटत नाही, तर तशा चारशेच्या वर टिपा झाल्या होत्या. सहाव्या अध्यायातला कुंडलिनीचा भाग समजायला मला दोन महिने लागले होते, एका जाणकार माणसाकडे बसून घेतलं होतं ते सगळं, शब्द न् शब्द त्या टिपांत होता.

एक दिवस ॲप उघडलं तर नुसतं गोल गोल फिरतंय. वाटलं वायफाय गेलं. राउटर बंद करून चालू केला, मुलाला फोन केला, तो म्हणाला अपडेट करा, अपडेट सापडेना. दोन दिवसांनी कळलं की कंपनीने गाशा गुंडाळला. महिनाभर आधी मेल पाठवला होता म्हणे, तुमचा डेटा अमुक तारखेपर्यंत उतरवून घ्या. तो मेल गेला माझ्या ऑफिसच्या जुन्या आयडीवर, जो रिटायर झाल्यावर बंद झाला. म्हणजे निम्मी चूक माझीच, मान्य आहे.

पुस्तकं गेली त्याचं काही वाटलं नाही, ज्ञानेश्वरी कुठे पळून जातेय. टिपा गेल्या. आता दोनशे पानी वही आहे, डाव्या पानावर अध्याय आणि ओवी क्रमांक, उजव्या पानावर जे काय असेल ते.

एक लॉगिन नऊ जणींत म्हणाल तर बहुतेक ठिकाणी नियमात बसत नाही, पण गटासाठी वेगळा प्लॅन आहे का विचारा, नसला तरी कधीकधी देतात. आणि एकाच टॅबवर समोर बसून नऊ जणी वाचणार असाल तर त्यात काय चुकीचं आहे मला तरी कळत नाही.

भाष्यकार_होतोय (पुणे)

काकांचं वाचून वाईट वाटलं पण मी उलट बाजूने बोलणार आहे.

मी एमएला आहे, संस्कृत. प्रबंधासाठी गीतेचा एकच श्लोक सात-आठ भाष्यांत बघायचा होता, शांकर, रामानुज, मध्व, श्रीधर, मधुसूदन आणि अजून काही. ही सगळी पुस्तकं विकत घ्यायची म्हटली असती तर मेसचे पैसे बंद झाले असते. गीतेपुरतं आयआयटी कानपूरच्या गीता सुपरसाईटवर बरंचसं फुकट मिळालं, एका श्लोकाखाली भाष्यांची रांग लागते. पण बाकी लेख, जर्नल्स, ते सगळं कॉलेजच्या लॉगिनमधून. १ जानेवारी २०२५ पासून केंद्राची ती वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना चालू झाली त्यात तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार जर्नल्स सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना उघडी झाली. माझ्यासारख्याने ती कधी विकत घेतली असती? किंवा पां. वा. काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास घ्या, पाच खंड, १९३० ते १९६२ असं बत्तीस वर्षं निघत होतं ते, साडेसहा हजारांवर पानं. मला त्यातली व्रतांवरची चाळीसेक पानं हवी होती. चाळीस पानांसाठी पाच खंड कोण घरात आणेल, आणि आणून ठेवणार कुठे, हॉस्टेलच्या कॉटखाली?

म्हणजे ज्या पुस्तकात एकदाच डोकावायचंय तिथे भाडं परवडतं. रोज ज्याच्यापाशी बसायचंय ते भाड्याने घेऊ नये, एवढंच काकांचं म्हणणं असेल तर मान्य आहे.

माझी पण गोची आहेच. मे महिन्यात निकाल लागला की लॉगिन बंद. सध्या रोज रात्री लेख उतरवून फायलींना नीट नावं देत बसलोय, रूममेट म्हणतो जहाज बुडायच्या आधीचा उंदीर दिसतोस.

ताई, तुम्ही वर्षाची कशाला भरताय? महिन्याचा प्लॅन असतो, तो बघा. जो अध्याय जड जाईल तेव्हा दोन महिने भरायचं, तीन प्रती शेजारी शेजारी ठेवून बघायच्या, मग बंद. फक्त ते ऑटो-पे आठवणीने काढा, नाहीतर वर्षभर पैसे कापले जातात आणि आपल्याला पत्ता नसतो.

सप्ताहवाले (बीड)

रामकृष्णहरी माउली.

मी इकडं सप्त्यात पारायणाचं व्यासपीठ चालवतो, बोलावलं तर कीर्तनबी करतो. आळंदीला चार वर्षं शिकलो, जोग महाराजांनी १९१७ ला काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत. तिथं पाठांतरावर भर, त्यामुळं मला पुस्तकाचं एवढं कौतुक नाही, डिजिटलचं तर त्याहून नाही. पण मोबाईल माझ्याबी खिशात हाये, खोटं कशाला बोलू.

दोन गोष्टी सांगतो. आमच्याकडं मांडवात दोन-अडीचशे वाचक बसतात, ज्याचा त्याचा ग्रंथ पुढ्यात. सगळ्यांची प्रत एक असली तर वाचन कसं, एका सुरात गाडी चालल्यागत चालतं. दोघातिघांकडं वेगळी प्रत असली की गडबड होती. एखादी ओवी एकात असती न् दुसऱ्यात नसती, कुठं शब्द मागंपुढं, तो माणूस थांबतो, शेजारच्याच्या ग्रंथात डोकावतो, तवर सगळे पाच ओव्या पुढं. गेल्या वर्षी दोन पोरं मोबाईल घेऊन बसली होती. एकाला वाचता वाचता फोन यायचा. दुसऱ्याचं चौथ्या दिवशी अध्यायाच्या ऐन मध्यावर स्क्रीनवर आलं, तुमचा प्लॅन संपला आहे. पोरगं माझ्याकडं बघतंय, मी त्याच्याकडं. शेवटी शेजारच्या आजीनं ग्रंथ मधी सरकवला अन् दोघांनी मिळून वाचलं.

दुसरी गोष्ट माझीच हाये. पसायदानावर कीर्तन होतं, जीपमधनं जाताना मोबाईलवर अर्थ बघत होतो. चलां कल्पतरूंचे आरव. पाठ लहानपणापासून, पण अर्थ नव्यानं मांडावा म्हणून फुकटच्या एका साईटवर बघितलं, तिथं लिहिलेलं आरव म्हणजे आवाज. संस्कृतात हायेच तसं, म्हणून मला खरं वाटलं. मी आपलं दहा मिनटं कल्पतरूंच्या आवाजावर बोललो, सळसळ काय, नाद काय, लोकांनी टाळ्याबी दिल्या. कीर्तन झाल्यावर एक म्हातारबा पुढं आले, पाया पडले, अन् हळूच म्हणले महाराज, आरव म्हंजी बागा. चालत्या कल्पतरूंच्या बागा, चिंतामणींची गावं, अमृताचे बोलते समुद्र, असं हाये ते, संतांना म्हणलंय. मला आळंदीत हेच शिकवलेलं. एका साईटीनं पुसून टाकलं बघा.

तवा माउली, फुकट घ्या, भाड्यानं घ्या नाहीतर विकत घ्या, अर्थ कुणी लिहिलाय त्याचं नाव बघून घ्या. नाव नसंल तर सोडून द्या.

गुरुवारवाली

महाराज, आरव म्हणजे आवाज असं आमच्या गटातही दोघी छातीठोक सांगतात. परवाच्या गुरुवारी तुमचा म्हातारबा कामाला येणार.

सॅनहोजेकर

इथे रात्रीचे दोन वाजलेत पण हा धागा बघून राहवलं नाही.

ताई, तुम्ही वर्गणी आणि विकत असे दोन पर्याय धरलेत, पण ई-पुस्तक विकत घेतलं म्हणजे ते तुमचं झालं असं बहुतेक ठिकाणी नसतंच. तुम्हाला मिळतो तो वाचायचा परवाना. म्हणजे एक महिन्या-महिन्याचं भाडं आणि दुसरं पागडीचं, इतकाच फरक. २००९ च्या जुलैमध्ये अमेझॉनने ऑरवेल या इंग्रजी लेखकाची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलवरून (त्यांचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र) परस्पर उडवली होती, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, पैसे परत दिले पण पुस्तक गेलं, आणि एका विद्यार्थ्याच्या त्यावरच्या टिपा निरुपयोगी झाल्या, त्यावरून कोर्टात गेला तो. (पेन्शनर काका, तुम्ही एकटे नाही.) २०१९ ला मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, विकत घेतलेली पुस्तकंसुद्धा उघडायची बंद झाली, पैसे मात्र परत केले. आणि किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून केबलने टाकायची सोय होती ती २६ फेब्रुवारी २०२५ ला गेली. मी त्या आठवड्यात ऑफिसमधून घरी येऊन रोज रात्री एकेक पुस्तक उतरवत बसलो होतो, बायको म्हणाली पापड वाळत घातल्यासारखं काय चाललंय तुझं.

आमच्या कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आलाय की नुसता परवाना देत असाल तर 'विकत घ्या' असं बटण सरळ लावता येणार नाही, हा परवाना आहे हे गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगावं लागतं. त्यात सूट कोणाला आहे माहितेय? फाइल कायमची उतरवून नेटशिवाय वापरता येत असेल तर. मला वाटतं खरी कसोटी हीच. तुमच्या चार ई-पुस्तकांची फाइल तुमच्या हातात पडते का, की ती त्या दुकानाच्या ॲपमध्येच उघडतात? दुसरं असेल तर १,२०० देऊनही तुम्ही त्या दुकानाच्या आयुष्यावर अवलंबून.

बाकी मी काय करतो तर घरी एक छापील ज्ञानेश्वरी आहे, आईने सामानात साड्यांच्या मधे गुंडाळून आणलेली, तेवीस किलोच्या बॅगेत तिच्यापायी चकल्या मागे राहिल्या त्या अजून निघतात बोलण्यात. रोजचं वाचन तिच्यातून. आणि निरूपणं ऐकायला वर्गणी, कारण गाडीत जाता-येता सव्वा तास असतो आणि एकदा ऐकलेलं निरूपण मी पुन्हा ऐकत नाही. त्यासाठी विकत घेण्यात अर्थ नाही.

फुकटचाच_बरा

एवढी चर्चा कशाला. माउलींनी पैसे घेतले होते का ज्ञानेश्वरी सांगायचे? सगळ्या ग्रंथांच्या पीडीएफ आहेत माझ्याकडे, साठ जीबी, टेलिग्रामवर देतो, ज्याला पाहिजे त्याने सांगा.

खिळे_ते_युनिकोड (पुणे)

साठ जीबीवाले दादा, तुमच्यासाठीच आलो. मी तीस वर्षं पुस्तकांची जुळणी आणि मुद्रितं तपासायचं काम करतो, अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच आयुष्य गेलं, त्यामुळे थोडा चिडून लिहिणार आहे, समजून घ्या.

माउलींनी पैसे घेतले नाहीत हे खरं, आणि ओव्या कोणाच्या मालकीच्या नाहीत हेही खरं. शके १२१२ चा ग्रंथ, त्यावर कोण हक्क सांगणार. पण तुमच्या साठ जीबीत ओव्यांखाली जो अर्थ आहे तो कोणीतरी बसून लिहिलेला आहे. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतो, गेल्याच्या पुढच्या जानेवारीपासून मोजायचा. टिळक १९२० ला गेले, इतिहासकार वि. का. राजवाडे १९२६ ला, त्यांचं खुशाल घ्या. ज्ञानेश्वरीचे अभ्यासक सोनोपंत दांडेकर १९६८ ला गेले, म्हणजे त्यांच्या लिखाणाचा हक्क २०२८ च्या डिसेंबरअखेर आहे. विनोबा १९८२ ला, त्यांचा तर २०४२ पर्यंत. आणि आजचा कोणी लेखक नवा अर्थ लिहीत असेल तर त्याने दोन वेळा जेवावं की नाही? ज्यांना सरळ मार्गाने फुकट हवंय त्यांना विकिस्रोतावर ज्ञानेश्वरी आहे, साहित्य संस्कृती मंडळाच्या साईटवर त्यांची पुस्तकं मोफत आहेत, विश्वकोश मोफत आहे. चोरीची गरजच काय.

आता गुरुवारवाली ताईंसाठी, कामाचं. ई-पुस्तक घेण्याआधी नमुन्याची पानं उघडा आणि त्यात एखादा शब्द शोधून बघा. महाराजांचा 'आरव'च शोधा. कित्येक मराठी ई-पुस्तकं ही जुन्या फॉन्टात जुळवलेल्या छापील पुस्तकाची नुसती पीडीएफ असतात. डोळ्याला मराठी दिसतं, पण आत युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्राला मराठी म्हणून कळणारी अक्षरं, नसतं, तिथे इंग्रजी अक्षरांचा कचरा असतो. मग 'आरव' शोधलं की शून्य सापडले. ओवी कॉपी करून गटावर टाकायला जाल तर गटावर भुताची भाषा उमटते. आणि अक्षर मोठं केलं की ओळ मोडून खाली येत नाही, पान डावीकडे उजवीकडे ढकलत बसावं लागतं, म्हणजे तुमच्या सासूबाईंना तेवढ्यापुरता त्याचा उपयोग शून्य. पुस्तक उत्तम असेल, अर्थ उत्तम असेल, पण अभ्यासाला ती फाइल म्हणजे फोटो काढलेला ग्रंथ. याबाबतीत चांगली वर्गणीची ॲपं पुढे आहेत हे मी मान्य करतो, मनाविरुद्ध.

ॲपची मला भीती वाटते ती वेगळ्याच कारणासाठी. छापील पुस्तकात माझ्या हातून चूक राहिली तर ती राहते, पुढच्या आवृत्तीपर्यंत लोक मला शिव्या घालतात. ॲपमध्ये रात्रीत कोणीतरी मजकूर बदलतो आणि सकाळी तुम्हाला कळतही नाही काल काय होतं. त्यांनी प्रत बदलली, एखादी ओवी घातली किंवा काढली, की पुढचे सगळे क्रमांक सरकले. तुमची टीप २१४ व्या ओवीची, ती आता भलत्याच ओवीला चिकटलेली. ज्ञानेश्वरीत तर हे फार जपायला हवं, कारण प्रतीप्रतीत एकूण ओव्यांचा आकडाच वेगळा, आणि राजवाड्यांची १९०९ ची प्रत हातात घेतली तर भाषेचं वळणच निराळं वाटतं. नाथांनी शके १५०६ ला प्रत शुद्ध केली ती का, तर तीनशे वर्षांत लोकांनी आपापलं घुसडलेलं होतं म्हणूनच. आणि शेवटी दम देऊन ठेवलाय:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मराठी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

अमृताच्या ताटात करवंटी. आमच्या ऑफिसात एखाद्याने मुद्रितात स्वतःचं डोकं चालवलं की आम्ही नुसतं "नरोटी" म्हणतो, त्याला कळतं.

तर पेन्शनर काकांच्या वहीत एक रकाना वाढवा, प्रत कोणती. नुसता ओवी क्रमांक पुरत नाही.

पेन्शनर_ठाणे

वाढवला. मागच्या शंभर पानांचं काय करू ते मात्र आता बघावं लागेल.

फुकटचाच_बरा

बरं बाबा. दांडेकरांचं काढून टाकतो. बाकीचं कोणाकोणाचं आहे ते बघायला साठ वर्षं लागतील.

गुरुवारवाली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. महिना उलटून गेला, काय केलं ते सांगते.

ॲपची वर्षाची वर्गणी नाही घेतली. महिन्याची घेतली, ऑटो-पे त्याच दिवशी काढलं, आणि तीन प्रती शेजारी ठेवून नवव्याच्या सुरुवातीच्या शंभर ओव्या आम्ही एका महिन्यात कधी नव्हे ते उरकल्या. त्यांना मेल करून विचारलं की तुमची प्रत कोणती आणि अर्थ कोणाचा. एका प्रतीचं उत्तर नीट आलं. दुसऱ्या दोघींसाठी "आमच्या तज्ज्ञ टीमने" वगैरे. महाराजांनी सांगितलं होतं तसं त्या सोडून दिल्या.

चारपैकी दोन ई-पुस्तकं नमुन्यातच बाद झाली, 'आरव' शोधला तर शून्य. तिसऱ्याची फाइल हातात पडते, अक्षर मोठं केलं की ओळ खाली येते, ते घेतलं, २८० रुपये. चौथं छापील घेतलं, कारण सासूबाई म्हणाल्या समोर काहीतरी ठेवायला ग्रंथ नको का, टॅबला काय हळदकुंकू वाहायचं? जुना ग्रंथ बांधायला दिलाय. बांधणीवाल्याने सांगितलं पानं आखूड कापावी लागतील, तर नको म्हटलं, कारण कडेला सासऱ्यांनी पेन्सिलीने लिहिलेलं आहे ते जाईल. मग त्याने कापडाची पट्टी लावून देतो म्हणाला, वेळ लागेल, लागू दे.

देण्याआधी त्या पेन्सिलीच्या नोंदी आम्ही उतरवून घेतल्या. दोन गुरुवार गेले त्यात. मी वाचायचं, धाकटी जाऊ टाइप करणार, अध्याय, ओवी, प्रत, नोंद, सगळे रकाने खिळे दादांनी सांगितले तसे. बऱ्याचशा नोंदी म्हणजे "हे पुन्हा पाहणे", "कीर्तनात ऐकले" असल्या. पण नवव्यात एका ठिकाणी "सा. प्र. नि. २" असं आहे आणि खाली दोनदा रेघ मारली आहे. कोणाला काही अंदाज?

खिळे_ते_युनिकोड

साखरे प्रत (साखरे महाराजांची ज्ञानेश्वरी), निरूपण, आणि २ म्हणजे दुसरी आवृत्ती किंवा दुसरा भाग असणार. सासरे बारकाईने वाचणारे दिसतात. त्या ओवीचा पाठ साखरे प्रतीशी ताडून बघा, फरक सापडेल.

सप्ताहवाले (बीड)

मलाबी साखरे प्रतच वाटतंय. निरूपण दुसरं म्हणजे त्यांनी दुसऱ्यांदा ऐकलं असंल. भाग्यवान माणूस.

गुरुवारवाली

आत्ता सासूबाईंना मोठं करून दाखवलं. लगेच वाचलं त्यांनी. साखर, प्रसादाचा रवा, निरांजनं दोन. नववा अध्याय संपला त्या दिवशीचं सामान आहे ते, आणि म्हणे निरांजन एकच आणलं होतं.